कोबी चिरा आणि अर्धा तास थांबा: कर्करोग आणि आपल्या ताटातली वनस्पतिद्रव्यं

निपाणीची आमची आत्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याला असा उग्र वास यायचा की आम्ही पोरं शिंकत सुटायचो. सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि त्या मिसरीनं दात घासायचे, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तेव्हा तिनं त्यावर हळद दाबली. चार महिने दाबत होती. "हळदीनं काय बी बरं हुतंय की गं पोरी," असं ती म्हणाली, आणि हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याची टोचणी अजून जात नाही. पुढं तपासणी, ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं. त्या काळात बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, सगळीकडच्या नातेवाइकांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. कोणी लक्ष्मणफळाचा पाला पाठवला, कोणी हळदीच्या कॅप्सूल, कोणी मोबाइलवर "कोबीनं कॅन्सर पळाला" असा व्हिडिओ. मी एक वही केली आणि प्रत्येक गोष्टीपुढं लिहीत गेले: यात खरं किती, आणि स्वयंपाकघरात त्याचं करायचं काय. हा लेख त्या वहीतून आला आहे.

आधी थोडं समजून घेऊ

झाडाला पळता येत नाही. किडा चावला, बुरशी आली, ऊन भाजलं तर त्याला जागेवरच लढावं लागतं, आणि त्यासाठी ते रसायनं बनवतं. मोहरीचा झणका, लसणाचा वास, कारल्याचा कडूपणा, कोकमाचा लाल रंग ही सगळी तीच. यांतली काही आपल्या पोटात गेली की पेशींवर परिणाम करतात. नीट अभ्यासलेलं उदाहरण कोबीवर्गातल्या सल्फोराफेनचं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले यांच्या गटानं १९९२ साली ते ब्रोकोलीतून वेगळं केलं. शरीरात शिरलेली घातक रसायनं निकामी करून बाहेर काढणारी जी विकरं, म्हणजे एन्झाइम, आपल्या पेशींत असतात, त्यांचं उत्पादन हे द्रव्य वाढवतं. मोरीत साचलेली घाण काढायला आणखी दोन माणसं लावावीत, तसं.

एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात ठेवा. "अमुक द्रव्यानं कर्कपेशी मेल्या" अशी बातमी आली की बहुतेक वेळा त्या पेशी काचेच्या बशीत असतात. बशीतल्या पेशी चुलीतली राख टाकली तरी मरतात. आपण खाल्लेलं पोट, आतडं, यकृत पार करून रक्तात किती उरतं, हा खरा प्रश्न. म्हणून ताटातल्या भाजीचं काम फार तर एवढं: वर्षानुवर्षं खाल्ली तर काही कर्करोगांचा धोका थोडा कमी करणं. झालेली गाठ विरघळवणं हे तिचं काम नाही.

पहिली पायरी: तोंडातून तंबाखू काढा, मग भाजीचं बोलू

आपल्या भागात हे आधी सांगावंच लागतं. निपाणी, चिक्कोडीकडं तंबाखू पीक म्हणून पोट भरते आणि व्यसन म्हणून पोट जाळते. मिसरी, चुन्यात मळलेली तंबाखू, बिडी, गुटखा, कशालाच सूट नाही. नुसती सुपारीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलेली आहे. कर्नाटकात गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे. पानपट्टीवर मात्र मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते, तोंडात गेल्यावर दोन्ही एकच.

"मी बिडी ओढतो, पण गाजराचा रस रोज घेतो" असं म्हणणारे आमच्या वडगावात दोघं-तिघं आहेत. त्यांच्यासाठी फिनलंडची गोष्ट. तिथं २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी बंद करावी लागली, कारण तिथंही आकडा उलटा जात होता, २८ टक्क्यांनी. गाजर खाऊन कुणाचं असं झालेलं नाही. तेच द्रव्य एकटं काढून मोठ्या मात्रेत धूम्रपान करणाऱ्याला दिलं, तेव्हा झालं. वहीत मी या पानावर लाल शाईनं रेघ मारली आहे, आणि "अँटिऑक्सिडंट" लिहिलेली महागडी बाटली कुणी दाखवली की हेच पान दाखवते.

दुसरी पायरी: सुरी, घड्याळ आणि कोबी

इथं मी थोडी रेंगाळणार आहे. या एका भाजीत आपण रोज चूक करतो आणि ती सुधारायला पैसा लागत नाही.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी ही सगळी एका कुळातली. त्यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाचं द्रव्य असतं, पण ते नुसतं असून उपयोग नाही. शेजारच्याच कप्प्यात मायरोसिनेज नावाचं विकर बसलेलं असतं. पानाला चीर पडली की दोघं भेटतात आणि तेव्हा सल्फोराफेन, किंवा त्याचे चुलतभाऊ, तयार होतात. मुळा किसताना नाकात जो झणका जातो, तो याच भेटीचा पुरावा. अडचण एवढीच की हे विकर उष्णतेला नाजूक आहे. गॅसवर कढई तापवून, विळीवरून कोबी थेट तिच्यात लोटला तर भेट व्हायच्या आधीच विकर मरतं.

मग करायचं ते असं. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका, फवारणीचा बराचसा भाग त्यांच्यावर असतो. उरलेला गड्डा अर्धा करून वाहत्या पाण्याखाली धुवा. आधी धुवा, मग चिरा. चिरल्यावर पाण्यात भिजत ठेवला तर काम तमाम. बारीक चिरा, कारण जितक्या चिरा तितक्या भेटी. मग परात झाकून अर्धा-पाऊण तास विसरून जा. माझं वेळापत्रक सांगते: सकाळी उठल्यावर चहाआधी कोबी चिरते, मग चहा, अंघोळ, देवपूजा, आणि मग फोडणी. वेगळा वेळ काढावा लागत नाही. एकदा तयार झालेलं सल्फोराफेन विकरापेक्षा उष्णता बरं सोसतं, म्हणून नंतर शिजवलं तरी सगळं वाया जात नाही. मात्र रटरट उकळून पाणी ओतून देऊ नका, कारण ही द्रव्यं पाण्यात उतरतात. झाकण ठेवून वाफेवर पाच-सात मिनिटं, दाताखाली थोडा करकरीत राहील इतका.

थांबायला वेळ नसेल तर? इथं आपल्या आज्या हुशार होत्या. शिजवल्यानंतर थोडी कच्ची मोहरी फेसून वर घाला. फेसलेल्या मोहरीत तेच विकर जिवंत असतं आणि ते शिजलेल्या भाजीतल्या द्रव्याला गाठतं. इंग्लंडमध्ये २०१८ साली शिजवलेल्या ब्रोकोलीवर फक्त १ ग्रॅम मोहरीची पूड घालून पाहिली, तर शरीरात पोचलेलं सल्फोराफेन चारपटीहून जास्त निघालं. फोडणीतली मोहरी यात धरू नका, ती तेलात तडतडली की तिच्यातलं विकर गेलं. आमच्याकडं लोणच्याला मोहरी फेसतातच. त्यातलीच चमचाभर बाजूला ठेवायची. नाहीतर कोबीच्या भाजीबरोबर कच्च्या मुळ्याचा किस घ्या, तोही तेच काम करतो. भाकरीबरोबर कच्चा मुळा खायची आपली जी पद्धत आहे, ती यासाठीच चांगली. फक्त गावाबाहेरच्या नाल्याच्या पाण्यावर पिकलेला पाला कच्चा खाऊ नका. भाजीवालीला "मावशी, कुठल्या पाण्यावरची?" असं सरळ विचारा. बेळगावच्या गणपत गल्लीत नेहमी बसणारी बाई ओळखीच्या गिऱ्हाइकाला खरं सांगते.

लसणाचंही हेच गणित, वेळ फक्त कमी. ठेचल्यावर अ‍ॅलिन आणि अ‍ॅलिनेज भेटतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग तेलात टाका. अख्ख्या पाकळ्या फोडणीत टाकल्या तर वास येतो, पण काम होत नाही. लसूण जवारी घ्या. बारीक पाकळ्या सोलायला जीव जातो हे खरं, पण वासानंच कळतं की आत काहीतरी आहे.

तिसरी पायरी: काहींना तेल आणि चूल हवी

वर कच्च्याचं कौतुक केलं, आता उलटं. टोमॅटोतला लाल रंग म्हणजे लायकोपीन. तो पेशींच्या भिंतीत अडकलेला असतो आणि तेलात विरघळतो. कच्च्या टोमॅटोच्या फोडीपेक्षा तेलात परतलेल्या, शिजवलेल्या टोमॅटोतून तो आतड्याला जास्त मिळतो. टोमॅटोचं सार, चटणी, रस्सा, सगळं चालतं. गाजर, तांबडा भोपळा यांतल्या केशरी रंगाचंही तसंच: थोडं तेल, तूप किंवा शेंगदाण्याचा कूट हवा. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतली रताळी प्रसिद्ध, पण ती बहुतेक आतून पांढरी असतात, त्यांत हा केशरी रंग जवळपास नसतो. फायबरसाठी ती सालीसकट उकडून खा, कॅरोटीनसाठी भोपळा घ्या. प्रोस्टेटच्या कर्करोगात टोमॅटोचा फायदा असल्याचं जे म्हणतात, त्याचा पुरावा लोक काय खातात हे पाहून काढलेला आहे आणि तो काही फार ठणठणीत नाही. सार प्यायला मात्र पुराव्याची वाट बघू नका.

चौथी पायरी: हळदीला तिची जागा दाखवा

आत्याच्या हळदीकडं येते. हळदपुडीत करक्युमिन, म्हणजे तिच्यातलं ज्याचं एवढं नाव होतं ते पिवळं द्रव्य, साधारण ३ टक्के. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत ते जेमतेम ९० मिलिग्रॅम भरतं. वर ते रक्तात फारसं शिरतच नाही. बराचसा भाग शौचावाटे जातो, उरलेला यकृत लगेच मोडतं. १९९८ साली आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात एक प्रयोग झाला. २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिऱ्यातलं पिपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर रक्तात पोचणारं प्रमाण वीसपट वाढलं. हा आकडा आता प्रत्येक कॅप्सूलच्या डब्यावर असतो. जवळजवळ शून्याची वीसपट म्हणजे किती, ते मात्र डब्यावर नसतं.

स्वयंपाकात हळद-मिरं-तेल एकत्र येतंच, तेवढं पुरे. हळद शक्यतो हळकुंड आणून घरी किंवा गिरणीत दळून घ्या. रायबाग, सांगलीकडं हळद पिकते, ओळखीनं मिळते. फार पिवळीधमक, चकचकीत पूड दिसली की मी हात मागं घेते, कारण रंगासाठी शिशाचं क्रोमेट मिसळल्याचे प्रकार दक्षिण आशियात सापडले आहेत.

कॅप्सूल हा वेगळा मामला. यकृत ज्या गतीनं औषधं मोडतं, ती गतीच पिपरिन मंद करतं, त्यामुळं दुसऱ्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण बदलतं. स्तनाच्या कर्करोगात देतात त्या टॅमॉक्सिफेनचा असर, सोबत करक्युमिनच्या गोळ्या घेतल्या तर, कमी पडू शकतो असं हॉलंडमधल्या २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. मोठ्या मात्रेतल्या कॅप्सूलनं यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. आणि तोंडातल्या चट्ट्यावर हळद लावून वाट बघणं, याबद्दल मी आता एवढंच सांगते: पांढरा किंवा लाल चट्टा, जखम, तोंड कमी उघडणं, यांतलं काहीही दोन आठवड्यांत गेलं नाही की थेट डॉक्टर.

पाचवी पायरी: भाकरी, कडधान्य आणि जवसाची चटणी

सगळ्यात भक्कम पुरावा कशाचा आहे माहीत आहे? कुठल्या परदेशी फळाचा नव्हे, कोंड्याचा. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाच्या २०१७ च्या अहवालात रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १७ टक्क्यांनी कमी असल्याचं मांडलं आहे. जोंधळ्याच्या दोन मध्यम भाकऱ्या झाल्या की तेवढं पीठ पोटात जातं. आतड्यातले जंतू फायबर आंबवून ब्युटिरेट बनवतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. म्हणून पीठ मैद्यासारखं चाळू नका. नाचणीचा तर सगळा माल सालीत असतो, तिचं पांढरंशुभ्र सत्त्व म्हणजे पैसे देऊन चोथा फेकणं.

हुलगे, मटकी, अख्खा मसूर यांतलं एक रोज. जवस, ज्याला काहीजण अळशी म्हणतात, त्यात लिग्नान असतं, आणि आतड्यातले जंतू त्यापासून शरीरावर काम करणारी द्रव्यं बनवतात. पण जवस अख्खं खाल्लं तर जसं गेलं तसं बाहेर. मंद भाजून, मीठ-मिरची-लसूण घालून कुटायचं, आठ दिवसांपुरतंच, नाहीतर खवट होतं.

रोजचं माप: भाज्या आणि फळं मिळून किमान ४०० ग्रॅम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात बटाटा, रताळं धरत नाहीत. दोन्ही जेवणांत एकेक मोठी वाटी भाजी, थोडी कोशिंबीर आणि एक पेरू, एवढ्यात होतं.

सहावी पायरी: शेंगा निवडा

वनस्पतीकडून येणारं सगळंच भलं नसतं. शेंगदाण्यावर, मक्यावर बुरशी चढली की ती अफ्लाटॉक्सिन सोडते आणि ते यकृताचा कर्करोग घडवतं. कावीळ-बी असलेल्याला तर धोका कितीतरी जास्त. भाजून ते पूर्ण जात नाही. खानापूरकडच्या पावसात घरातली पोती ओलसर होतातच. शेंगाची चटणी करायच्या आधी दाणे सुपात पसरा. काळे, सुरकुतलेले, हिरवट बुरशीचे, वासाला कुबट असे सगळे वेगळे काढा आणि जनावरालाही घालू नका. दुकानात तुकडा दाणा स्वस्त मिळतो तो का स्वस्त असतो, याचा विचार करा.

उपचार चालू असताना

इथं नियम बदलतात. वनस्पतीतून कर्करोगाची खरी औषधं निघाली आहेत, हे खरं. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आलं. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, फुलांच्या घाणेरड्या वासावरून हे नाव पडलं. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून इरिनोटेकान, टोपोटेकान ही औषधं बनतात, आणि त्यापायी नरक्याची एवढी तोड झाली की जंगलात तो दुर्मिळ होत चालला आहे. पण एखादा ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला सदाफुलीचा शेकडो किलो वाळलेला पाला लागतो, आणि शुद्ध कॅम्प्टोथेसिन सुरुवातीला रुग्णांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. ही विषं आहेत, मापून दिलेली. दारातल्या सदाफुलीचा काढा पिणं म्हणजे माप न ठेवता विष घेणं.

लक्ष्मणफळाच्या पाल्यात मेंदूतल्या पेशींना घातक अ‍ॅनोनासिन असतं. कॅरिबियन बेटांवर ते फळ आणि पाल्याचा काढा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार दिसला आहे. जर्दाळूच्या कडू बियांतून पोटात सायनाइड सुटतं; त्यांच्यापासून केलेल्या लेट्राइलची अमेरिकेत १७८ रुग्णांवर चाचणी झाली, १९८२ साली निकाल आला, ठोस फायदा कुणालाच नाही. गणपतीच्या दिवसांत गोवा-कोकणातून येणारं पपनस एरवी खुशाल खा, पण केमोच्या किंवा कुठल्याही रोजच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा, ते काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. केमोत पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर कच्ची मेथी, मुळा, कोशिंबीर काही दिवस बंद, सगळं शिजवून. तोंड आलं असेल तर आंबट, तिखट, कडक नको. वजन टिकवणं हे त्या दिवसांतलं पहिलं काम, कोबीची चिंता नंतर.

आणि वही करा. अंगारा सोडून काढा, चूर्ण, गोळी, जे काही पोटात जातंय ते तारखेसह लिहा, आणि लाज न बाळगता डॉक्टरांपुढं ठेवा. आत्याच्या वहीत अकरा नोंदी होत्या. डॉक्टरांनी सात खोडल्या. राहिल्या चार: ताकातली पेज, तांबड्या भोपळ्याचं मऊ भरीत, मुगाची पातळ आमटी आणि दुधात कुस्करलेली भाकरी. आमटीपुढं त्यांनी पेननं लिहिलं, "मिरची नको." आत्या निपाणीची. सात औषधं गेल्याचं तिला काही वाटलं नाही, मिरचीसाठी मात्र ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.